सतराव्या डबीतला बाबा

॥ श्री ॥
साईनगर, अमरावती
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. गोदास,
अ. उ. आ.

येथील सर्व क्षेम. तुमच्याकडील कुशल योगेशच्या तोंडून कळतेच, तथापि ते तुझ्या हातचे लिहून यावे ही अपेक्षा. फोनवर बोलावे असे तू दर वेळी म्हणतेस. परंतु मागच्या वेळी मी क्षत्रपांच्या नाण्यांविषयी सांगत असताना तुझे दूध दोनदा उतू गेले आणि दोन्ही वेळा दोष माझ्या माथी आला. पत्राचे तसे नाही. ते फुले ओवता ओवता पुरवून वाचता येते. तुझा योगेश आठवड्यातून दोनदा फुलांचे क्रेट घेऊन अमरावतीच्या बाजारात येतो, तोवर आपल्याला टपालाचीही गरज नाही.

आता बातमी. बसून वाच. एक्केचाळीस वर्षे ज्याची वाट पाहिली, ते नाणे आज माझ्या डबी क्रमांक सतरामध्ये आहे.

नाणे चांदीचे, वजन दोन ग्रॅमला किंचित जास्त, आकार शर्टाच्या गुंडीएवढा. कलचुरी घराण्यातील कृष्णराज नावाच्या राजाचे ते आहे. काळ सुमारे साडेचौदाशे वर्षांपूर्वीचा. एका बाजूस राजाचा चेहरा. तो इतका झिजला आहे की नाक, डोळा आणि मिशीची एक रेघ एवढेच उरले. दुसऱ्या बाजूस बसलेला नंदी आणि त्याच्याभोवती गोल अक्षरे: परममाहेश्वर, मातापितृपादानुध्यात, श्रीकृष्णराज. थोर शिवभक्त, आईवडिलांच्या चरणांचे सतत ध्यान करणारा, तो कृष्णराज. पाहा, गुंडीएवढ्या जागेत राजाने आधी देवाचे नाव घेतले, मग आईवडिलांचे, आणि स्वतःचे सर्वांत शेवटी. आपण पत्राच्या माथ्यावर श्री लिहून वडीलधाऱ्यांना नमस्कार घालतो, ती रीत इतकी जुनी आहे.

या नाण्यात दोन गोष्टी अशा आहेत, ज्या मला कोणत्याही ग्रंथात आढळल्या नाहीत. पहिली, अक्षरांच्या खाचांत एक पिवळा लेप घट्ट बसला आहे. दुसरी, नंदीच्या पाठीमागे, अगदी कडेला, दोन बारीक खड्डे शेजारी शेजारी आहेत. पूर्वीचे सराफ चांदीची पारख करण्यासाठी नाण्यावर असे टोचे मारीत. या दोन गोष्टींवर मी निबंध सिद्ध करीत असून, १२ जानेवारीस येथे भरणाऱ्या नाणेसंग्राहकांच्या परिषदेत मला तो वाचण्यासाठी वीस मिनिटे मिळाली आहेत. आजवर मी श्रोत्यांत बसून इतरांच्या चुका वहीत टिपत आलो. या वेळी वह्या इतरांच्या हातात असतील.

नाणे अकोल्याच्या चंदनशेठकडे मिळाले. बदल्यात मी माझी अकरा गधैया नाणी दिली. गधैया नाण्यांवरही मुळात राजाचा चेहराच होता. पण साच्यावरून साचा उतरवताना शतकानुशतके त्याच्या केवळ रेघा आणि टिंबे झाली, लग्नघरातला निरोप पाचव्या माणसापर्यंत पोचताना होतो तसेच. त्यांचे मला दुःख नाही.

शेवटी एक विनंती. पुढच्या खेपेस येशील तेव्हा माझ्या कपाटाजवळ चिंच, राख वा लिंबू आणू नयेस. १९९८ सालची दिवाळी मी विसरलेलो नाही. सातवाहनांचा दोन हजार वर्षांचा हत्ती तू केवळ मायेपोटी चिंचेने घासलास, आणि त्याची शेपूट तेवढी उरली. जुने नाणे धुऊ नये, पुसू नये, उघड्या बोटांनी धरूही नये.

पत्र नऊ पानांचे झाले, कारण तुझ्या चष्म्यासाठी अक्षर मोठे काढले आहे. थोरांस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद. माया आहे तशीच राहो.

तुझा,
शेषराव


॥ श्री ॥
अकोट
२४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुह्यं पत्र भेटलं. पह्यलं पान वाचलं, शेवटचं वाचलं. मधली पानं योगेशनं क्रेटात शेवंतीखाली आंथरली, त्याले वाटलं रद्दी हाय. मी त्याले लय बोलली. तं म्हणे का मामाच्या पत्राचा कागद जाड असते, पानी चांगलं धरते. पण पह्यल्या पानावरून समजलं का तुले जे पाह्यजे होतं ते भेटलं, अन् शेवटच्या पानावर चिंच होती. तुह्या पत्रात याच्यापेक्षा जास्त काय असते, दादा? आनंद झाला. अन् शेपटीचं म्हणशील तं ती शेपूट कशी लखलखत होती हे तू कधी कोनाले सांगत नाई.

माह्यीबी बातमी हाय. माह्या पोरीचं, आपल्या रागिणीचं, लगन जमलं. पोरगा चांदूर बाजारचा, रोहित नाव. घरचा संत्र्याचा बगीचा हाय, बोलतो कमी. तुह्याजवळ बसवाले चांगला हाय. लगन २० फेब्रुवारीचं धरलं.

अन् लग्नाच्या आंधी एक मोठं काम उरकलं. आमच्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक पार झिजला होता. तुले तो माहीत हाय म्हणता येत नाई. पस्तीस वर्षांपासून तू आमच्या घरी येते, पण देवघराच्या दारात उभा राहून डोळे मिटून हात जोडते अन् मंग चहा पेते. रस्त्यातल्या गोट्याले भिंग लावून पाहनारा मानूस तू, देवापुढं मात्र डोळे बंद! तं रोज धू-धू धुऊन त्याचा चेहरा गेला होता. झिजला टाक ठेवू नये म्हणतात. म्हणून दसऱ्याच्या तोंडावर तो सोनाराले देऊन नवा घडवून आनला. मिशा अशा टोकदार काढल्या का फुलं अडकते.

सासूबाईले सांगतलं नाई. आमच्या बुढीले दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू, तिले कुठी दिसते? नवा टाक गपचूप ठेवून देल्ला.

वहिनीले नमस्कार. सोबत पाव किलो सांभार, वहिनी कोथिंबीर म्हणते तो, अन् वांगे पाठवले. माया पातळ होऊ देऊ नको.

तुह्यी,
गोदा


॥ श्री ॥
साईनगर, अमरावती
३० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. गोदास,
अ. उ. आ.

रागिणीचे जमले हे वाचून फार समाधान झाले. रोहित कमी बोलतो हा गुण आहे. त्याला मी नाणी दाखवीन.

टाकाविषयी तू केलेस ते योग्यच. या निमित्ताने तुला एक भेद स्पष्ट करतो. टाक म्हणजे देवाची प्रतिमा असलेला पत्रा; सोनार तो ठोकून घडवितो आणि त्याची पूजा होते. नाणे टांकसाळीत साच्याने पाडतात आणि ते व्यवहारात हातोहाती फिरते. टाक झिजला तर बदलावा अशी रीतच आहे, त्यात हळहळ वाटू देऊ नये. नाणे मात्र झिजले तरी बदलू नये, कारण त्याची झीज हाच त्याचा इतिहास असतो. दोन्ही चांदीचे आणि गोल असले, तरी जाणत्या माणसाची त्यांत गल्लत होणे शक्य नाही.

निबंध वेगाने पुढे सरकत आहे. पिवळ्या लेपाची मी रोज सकाळच्या उन्हात भिंगातून पाहणी करतो. माझा निष्कर्ष असा की हा लेप निदान हजार वर्षांचा असावा, आणि ते नाणे एखाद्या मंदिराच्या भांडारात गंधकयुक्त मातीत पुरलेले असावे. ही उपपत्ती मी बत्तीस पानांत मांडली आहे. तुझ्या वहिनीने नाण्याचा वास घेऊन, हा तर फोडणीचा वास आहे, असे मत दिले. सुभद्रेचा संसार स्वयंपाकघरात गेल्यामुळे तिला सर्वत्र फोडणीच येते, हे मी तिला शांतपणे समजावून सांगितले. त्या दिवशी वरणाला फोडणी नव्हती.

दोन खड्ड्यांमधील अंतर तीन मिलिमीटर भरले. इतक्या मापात टोचे मारणारा सराफ काय शिस्तीचा असेल! आरशापुढे उभा राहून मी निबंध दोनदा वाचला. एकदा एकोणीस मिनिटे लागली, एकदा चोवीस. दुसऱ्या वेळी मी स्वतःलाच प्रश्न विचारले होते.

वांगी उत्तम होती. तुझे यजमान पुंजारामजी यांस नमस्कार सांग. लोभाला ओहोटी नसावी.

तुझा,
शेषराव


॥ श्री ॥
अकोट
९ डिसेंबर २०२४

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घरात मोठा गहजब झाला. तुह्यं काम पडलं हाय, म्हणून हे पत्र पुरं वाच. मी तुह्यी पत्रं वाचत नाई, तशी सोडू नको.

चंपाषष्ठीले तळी भरली. वांग्याचं भरीत, रोडगे, सारं केलं. तळी उचलाच्या आंधी बुढीनं दर वर्षासारखा बाबाले हातात घेतला. आमच्याकडे टाकाले बाबाच म्हणतात. अंगठा फिरवला. मंग पुन्हा फिरवला. अन् सगळ्या सोयऱ्यांसमोर म्हणे का हा कोन हाय? आम्ही म्हटलं, खंडोबा हाय. तं म्हणे, असन, पण आपला नाई. हा मले ओळखत नाई अन् मी याले ओळखत नाई. डोळ्यानं दिसत नाई तं काय झालं, दादा, तिचा अंगठा सत्तर वर्षांपासून त्या बाबावर फिरून राह्यला होता. हे मले सुचलंच नाई.

मंग सारं सांगाव लागलं. योगेशच्या बाबानं लगेच सोनारापाशी धाव घेतली. सोनार म्हणे का चीज जुनी दिसली, गाळाले हात उठला नाई, म्हणून अकोल्याच्या एका जुन्या चांदीवाल्याले देऊन टाकली.

आता बुढी म्हणते, लग्नाची पह्यली पत्रिका बाबापुढं ठेवाची असते, ती या नवख्यापुढं मी ठेवू देनार नाई. बाबा आल्याशिवाय या घरात हळद फुटनार नाई. अन्‌ जेवन सोडलं. म्हणजे भाकर सोडली. चहा चार वेळा अन् फुटाने मूठ-मूठ चालू हायेत, पण चेहरा असा करते का पाव्हण्याले वाटते आमी तिले उपाशी ठेवून राह्यलो. पौष ३१ तारखेले लागते. पौषात पत्रिका ठेवता येत नाई, अन् चांदूर बाजारवाले विचारून राह्यले का पत्रिका कावून वाटत नाई. रागिणी कोपऱ्यात बसून रडते. सोयरीक हातची गेली तं मी कोनाले तोंड दाखवू?

तू अकोल्याचे सारे नाण्या-चांदीवाले ओळखते. आमचा बाबा हुडकून दे. खुना सांगतो. शर्टाच्या गुंडीएवढा. समोर मिशीवाला बाबा, आता मिशीच राह्यली. मागं बसलेला बैल. शेतकऱ्याच्या खंडोबाले घोडा कुठला, म्हणून बैल असन. बैलाभोवती बारीक नक्षी, त्याच्यात हळद बसलेली. अन् बैलाच्या मागं कडेले दोन खड्डे. योगेश पाच वर्षांचा असताना त्यानं बाबाले दोन भोकं पाडून, दोरा ओवून भिंगरी करायची ठरवली होती. खिळा अन् बत्ता घेऊन बसला होता. भोकं पुरी व्हायच्या आंधी बुढीनं पाह्यलं. त्या दिवशी त्याले असा चोपला का आजबी भिंगरी म्हटलं का उठून जाते.

दादा, लवकर पाह्य. तुह्याशिवाय कोनी नाई.

तुह्यी,
गोदा


॥ श्री ॥
साईनगर, अमरावती
१२ डिसेंबर २०२४

चि. सौ. गोदास,
अ. उ. आ.

पत्र पावले. मजकूर समजला. अशा वस्तूंची चौकशी अकोल्यात करावी लागते. अशा कामांस वेळ लागतो. १२ जानेवारीनंतर काही निश्चित सांगता येईल. मातोश्री पार्बताबाईंना जेवण्याची विनंती करावी. थंडी वाढली आहे, जपावे.

तुझा,
शेषराव


॥ श्री ॥
अकोट
२० डिसेंबर २०२४

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुह्यं सहा ओळींचं पत्र भेटलं. मी पाकीट उलटं करून झटकलं, बाकीची पानं कुठी हायेत म्हणून. तुह्या लग्नाची तारीख ठरली तवा तू आजोबाले चवदा पानं लिवली होती, त्याच्यात पंचांग कसं करतात तेबी होतं. अन् माह्या घरचा देव हरवला तं सहा ओळी! मले वाटलं तू आजारी पडला. योगेशले विचारलं, तं तो म्हणे मामा ठणठणीत हायेत, पण त्याईनं मले नाण्याचं कपाट दाखवलं नाई. तवा माह्या डोक्यात लख्ख झालं. तू पाव्हण्याले पानी द्यायच्या आंधी कपाट दाखवते.

मंग मी तुह्या पह्यल्या पत्राची मधली पानं हुडकाले लावली. क्रेटाच्या बुडाशी भेटली, शेवंतीच्या डागासकट. रागिणीले ती अन् तुह्यं दुसरं पत्र वाचाले बसवलं. गुंडीएवढं. मिशीची रेघ. नंदी. दोन खड्डे. पोरगी वाचता वाचता थांबली अन् माह्याकडे पाहाले लागली.

दादा, ते पिवळं हजार वर्षांचं नाई. दसऱ्याच्या आधल्या मंगळवारचं हाय. हळद माह्या घरची, वावरातली, मीच दळून आनलेली. अन् तुह्या त्या शिस्तीच्या सराफाचं नाव योगेश हाय. तो आता या पत्राच्या बाजूले बसून भजे खाऊन राह्यला.

मी लय हासली. हासता हासता मले रडू आलं, कारण तुले समजलं होतं अन् तू मले सांगतलं नाई. बाबा तुह्या सतराव्या डबीत बसला होता अन् इथी बुढी फुटाने मोजून राह्यली होती.

योगेशचे बाबा म्हणे का मी आत्ताच अमरावतीले जातो. मीच थांबवलं. हे बुढीलेबी सांगतलं नाई. तुह्ये एक्केचाळीस वर्ष मले माहीत हायेत. लहानपनी मले खांद्यावर बसवून तू मेळघाटाच्या रस्त्यानं गोटे उचलत फिरे, अन् प्रत्येक गोट्याची गोष्ट सांगे. तुले वीस मिनिटं भेटून राह्यली. तू तिथी काय वाचशील ते खोटं हाय हे तुले माहीत, वहिनीले माहीत अन् आमाले माहीत. आमी कोनी त्या सभेत येत नाई. तुले आडवाले मी येनार नाई.

पौष ३१ तारखेले लागते, एवढं लक्षात ठेव. अन् बैलाभोवती काय लिवलं ते माह्या सात पिढ्याईले वाचता आलं नाई, तूच वाचलं. आईबापाच्या पायाचं म्हणे. तं तूच ठरव.

तुह्यी,
गोदा


॥ श्री ॥
साईनगर, अमरावती
२२ डिसेंबर २०२४

चि. सौ. गोदास,
अ. उ. आ.

तुझे पत्र योगेशने हातात दिले आणि तो दारातच उभा राहिला. मी त्याला आत बोलावले, प्रथम पाणी दिले आणि मग कपाट उघडले. क्रम बदलल्याचे त्याच्याही लक्षात आले असावे.

आता क्रमाने कबुली देतो. तुझे ९ तारखेचे पत्र मी ११ तारखेस वाचले. गुंडीएवढा, या शब्दाशी मी चष्मा पुसला. बैलापाशी मी पत्र खाली ठेवले. भिंगरीपाशी सुभद्रेने मला पाणी आणून दिले. तरीही मी स्वतःची समजूत घातली की केवळ साम्यावरून निष्कर्ष काढणे अशास्त्रीय होय. म्हणून एक परीक्षा केली. कापसाच्या वातीवर तो पिवळा लेप कणभर टिपून घेतला आणि त्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा एक थेंब सोडला. पिवळा डाग पाहता पाहता कुंकवासारखा लाल झाला. हळदीखेरीज ही करामत कोणाला येत नाही. कुंकू होते तेही हळदीला असाच क्षार भेटल्यामुळे. सुभद्रा शेजारीच उभी होती. त्या दिवशीच्या वरणाला तिने दोन फोडण्या दिल्या.

तेव्हा सर्व काही सिद्ध झाले होते. नंतर मी तुला ते सहा ओळींचे पत्र लिहिले. त्यात खोटे वाक्य एकही नाही, आणि संपूर्ण पत्र खोटे आहे. बत्तीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की पुरावा आपल्या मताविरुद्ध गेला तर मत बदलावे. माझ्यावर पाळी आली तेव्हा मी पुरावा डबीत बंद करून आरशापुढे निबंध वाचत राहिलो. मला वाटे, केवळ वीस मिनिटांचा प्रश्न आहे. मग बाबा आहेच आणि पौष संपल्यावर माघही आहे. रागिणी कोपऱ्यात बसून रडते हे वाक्य मात्र माझ्या कोणत्याही कोष्टकात बसेना.

तू मला अडवले असतेस, तर मी वाद घातला असता आणि बहुधा जिंकलोही असतो. तू मलाच ठरवायला सांगितलेस. म्हणून मी ठरवले.

परिषदेच्या कार्यवाहांना कळविले आहे की माझा निबंध मुळातच चुकला असून तो मी मागे घेत आहे. परवानगी असेल तर त्याच वेळेत ती चूक कशी झाली हे सांगेन, अन्यथा माझी वीस मिनिटे दुसऱ्यास द्यावीत. उत्तर आलेले नाही.

२५ तारखेस सकाळच्या एसटीने बाबाला घेऊन येतो. डबी खिशात न ठेवता हातात धरून आणीन. मातोश्रींना सांग, भाकर टाकून ठेवा. लेप मी पुसलेला नाही. परीक्षेपुरता कणभर गेला, त्याची क्षमा असावी.

तुझा अपराधी,
शेषराव


॥ श्री ॥
अकोट
२८ डिसेंबर २०२४

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचला हे वहिनीनं कळवलं. त्या दिवशीचं तुले सांगतो, कारण तू तिथी होता पण तुले काई दिसलं नाई. तू देवघराच्या दारात उभा राह्यला अन् डोळे मिटून घेतले! एक्केचाळीस वर्ष ज्याची वाट पाह्यली तो देव्हाऱ्यात बसून राह्यला होता, तवाबी.

बुढीनं बाबाले तळहातावर घेतलं. अंगठा पह्यले मिशीवर गेला, मंग बैलावर, मंग कडेवर. एक खड्डा लागला. दुसरा लागला. अन् तिथीच तिनं योगेशले आईवरून अशी शिवी हासडली का रागिणी लाजून बाहेर पळाली. तीस वर्षांची जुनी शिवी, पण ताजी. मंग बाबाले कानापाशी नेऊन म्हणे, कुठी गेला होता रे, अमरावतीले? शिकून आला का?

मी तिले सांगतलं का तो राजा होता, कृष्णराज म्हणून, अन् शंकराचा भक्त होता, असं दादा म्हणते. मले वाटलं बिघडते का काय. तं म्हणे, राजा असन, त्यात काय, पन्नास पिढ्या देवाचं काम केल्यावर कोनीबी देव होते. अन् मंग विचारते, राजा शंकराचा भक्त, खंडोबा शंकराचाच, तं मंग आमची चूक कुठी झाली? तुले उत्तर आलं तं कळव, पण एका पानात.

पह्यली पत्रिका त्याच दिवशी ठेवली. बुढीनं दोन भाकरी खाल्ल्या अन् मंग म्हणे का फुटाण्यानं पोट बिघडलं, जसं काई आमीच चारले. चांदूर बाजारवाल्याईच्या पत्रिका काल गेल्या. तुह्या डोक्यावर तिनं हात ठेवला तवा तुह्ये डोळे उघडले होते, ते मी पाह्यलं. ओले होते, तेबी पाह्यलं.

आता तिचा हुकूम. नव्या टाकाचं काय करावं हा प्रश्न होता. एका देव्हाऱ्यात दोन खंडोबा ठेवता येत नाई. बुढी म्हणे, त्या मास्तरनं आपला देव आणून देल्ला, त्याची डबी रिकामी झाली असन. हा पोरगा त्याच्याकडे पाठवा. इथी याची कोनाशी ओळख झाली नाई, तिथी होईन. पण अट हाय. देव हाय, नाणं नाई. रोज आंघोळ, रोज हळद-कुंकू, अन् डबीत कोंडून ठेवायचा नाई. हे मास्तरले कबूल असलं तं ठेवावा, नाई तं वापस.

योगेशसोबत पाठवून राह्यली. सांभाळ त्याले.

तुह्यी,
गोदा


॥ श्री ॥
साईनगर, अमरावती
१४ जानेवारी २०२५

चि. सौ. गोदास,
अ. उ. आ.

संक्रांतीचा तिळगूळ सोबत पाठविला आहे. मातोश्रींसाठी मऊ वड्या वेगळ्या बांधल्या आहेत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर एका पानात मावेल असे मला अद्याप सापडलेले नाही. अकरा पानांत सापडले होते, पण ती पाने वाचून सुभद्रा म्हणाली की त्यात मातोश्रींचेच म्हणणे खरे ठरते, मग इतकी पाने कशाला.

परिषद पार पडली. वेळ माझ्याकडेच राहिली होती. मी उभा राहिलो आणि पहिलेच वाक्य असे उच्चारले की मी एका अकोटकर बाईच्या हळदीला हजार वर्षांची गंधकयुक्त माती समजलो होतो. सभागृह हसले. मग सोड्याच्या थेंबाची परीक्षा सांगितली, तीवर वह्या उघडल्या. भिंगरी आणि बत्त्याचा प्रसंग सांगितला तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. बत्तीस पानांचे एकही पान मी वाचले नाही. बोलता बोलता मला जाणवले की आपल्या सर्वांच्या डब्यांतील नाणी निवृत्त झालेली आहेत, माझ्यासारखीच. त्या एका नाण्याला मात्र साडेचौदाशे वर्षांत सुट्टी मिळालेली नाही. व्यवहार सुटला तर देवघरात रुजू झाले. हे मी तसेच बोलून गेलो.

अध्यक्षांनी विचारले की नाणे सध्या कोठे आहे, ते पाहता येईल का. मी सांगितले, अकोटला आहे; कामावर असल्यामुळे येऊ शकले नाही. वीस मिनिटांऐवजी सदतीस मिनिटे झाली आणि घंटा वाजविण्याचे कोणालाही सुचले नाही. बाहेर चहाच्या वेळी एक वयोवृद्ध सदस्य माझ्यापाशी आले. त्यांच्याही घरच्या देव्हाऱ्यात असाच एक गोल, झिजलेला टाक आहे. मात्र आजवर तो नीट पाहिला नाही, कारण नमस्कार करताना डोळे मिटलेले असतात, असे ते हळूच म्हणाले. आणखी दोघे चहा अर्धा टाकून घरी गेले.

आता नव्या पाहुण्याविषयी. अट मान्य आहे. सुभद्रेच्या देव्हाऱ्यात त्याला जागा दिली आहे आणि नोंदपत्र मी नेहमीच्या पद्धतीने तयार करून शेजारी ठेवले आहे. धातू: चांदी. काळ: इसवी सन २०२४. घडण: अकोट. प्राप्ती: मातोश्री पार्बताबाईंकडून, हुकुमाने. डबी क्रमांक: नाही.

पहिल्या दिवशी आंघोळ घालताना मी सवयीने पांढरे हातमोजे घातले. सुभद्रेने ते काढून घेतले आणि धुण्यास टाकले. एक्केचाळीस वर्षांत कोणत्याही नाण्याला मी उघड्या बोटांनी स्पर्श केला नव्हता, गोदा. पाणी कोमट घेतले. हळद तुझ्याकडचीच लावली. मिशी फार टोकदार आहे, अंगठ्याला टोचते. पण आज सतरावा दिवस आहे आणि उजवीकडचे टोक किंचित नरम लागले, असे मला वाटते. सुभद्रा म्हणते, हा भास आहे. असेलही. नोंदपत्रावर अवस्था या रकान्यात मी शाईने लिहिले आहे: झीज सुरू झाली आहे.

रागिणीच्या हळदीला आम्ही दोघे दोन दिवस आधी येतो. देवघरात या वेळी डोळे उघडे ठेवीन. थोरांच्या पायी मस्तक, आणि तुझी माया या घराकडे अशीच वाहती असू दे.

तुझा,
शेषराव

ता. क. गोदाताई, मी सुभद्रा लिहिते. काल टाक जरा काळवंडला म्हणून ह्यांनी मला विचारले की घरात चिंच आहे का. मी कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवली आहे.